कोळ्यांची नोंद : देहू-आकुर्डी पट्ट्यातील निरीक्षणाचा आणि छायाचित्रणाचा इतिहास

पुणे जिल्ह्यातील देहू हे इंद्रायणीकाठचे गाव संत तुकारामांची जन्मभूमी आणि कर्मभूमी म्हणून सर्वज्ञात आहे. परंतु गावाभोवतीचे भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तीन डोंगर, नदीचा काठ आणि दक्षिणेकडे अवघ्या काही किलोमीटरांवर असलेले आकुर्डी-रावेत यांचा एकत्र विचार केला, तर या भूभागाला आणखी एका अभ्यासाच्या इतिहासात स्थान आहे असे दिसते. तो अभ्यास म्हणजे कोळ्यांचा, अर्थात जाळे विणणाऱ्या वा न विणता शिकार करणाऱ्या अष्टपाद प्राण्यांचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आज आकुर्डीत आहे, आणि स्वतंत्र भारतात कोळ्यांच्या वर्गीकरणाचे जे काम झाले त्याचा मोठा वाटा याच केंद्राच्या पुण्यातील पूर्वायुष्यात उचलला गेला. या प्राण्याकडे माणसाने आधी दृष्टांतासाठी पाहिले, नंतर मद्यार्काच्या बाटलीत साठवण्यासाठी पाहिले आणि अलीकडे कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहिले. या तिन्ही पद्धतींनी काही टिपले आणि काही सोडून दिले. त्यांतील कोणतीही एक पुरेशी नाही, हे या पट्ट्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

कोळी हा कीटक नव्हे, ही गोष्ट प्रथम नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वर्गीकरण तिच्यावर उभे आहे. कीटकाला सहा पाय आणि शरीराचे तीन भाग असतात. कोळ्याला आठ पाय असतात आणि त्याचे शरीर दोनच भागांचे असते, पुढचा भाग डोके व छाती मिळून बनलेला म्हणून शिरोवक्ष आणि मागचा भाग उदर. उदराच्या टोकाशी तंतू बाहेर सोडणारे अवयव असतात. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक कुलात वेगळी असते, इतकी की केवळ चेहऱ्यावरून कोळ्याचे कुल बऱ्याचदा सांगता येते. कुल म्हणजे परस्परांशी नाते असलेल्या वंशांचा समूह, आणि वंश म्हणजे निकटच्या जातींचा गट. शास्त्रीय नावातील पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा असतो. कोळ्यांना शास्त्रीय नावे देण्याचा आरंभ स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांच्या १७५७ सालच्या ग्रंथापासून मानतात. प्राण्यांच्या नामकरणाचा सर्वमान्य प्रारंभबिंदू लिनियसचा १७५८ चा ग्रंथ हा असताना कोळ्यांच्या बाबतीत त्याच्या एक वर्ष आधीच्या ग्रंथातील नावे खास अपवाद म्हणून ग्राह्य धरली जातात, यावरून क्लर्क यांच्या निरीक्षणाचा दर्जा लक्षात यावा.

मराठी मुलखात कोळ्याकडे लक्षपूर्वक पाहण्याची परंपरा मात्र या नामकरणाहून जुनी आहे. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकीकत सांगितली आहे आणि त्या गुरूंमध्ये पृथ्वी, वायू, अजगर, मधमाशी यांच्यासोबत कोळ्याचाही समावेश आहे. कोळी स्वतःच्या शरीरातून तंतू काढतो, त्याच्याशी खेळतो आणि शेवटी तो गिळून टाकतो, तसेच ईश्वर विश्व निर्माण करून पुन्हा आपल्यात सामावून घेतो, असा त्या दृष्टांताचा आशय आहे. मुंडक उपनिषदातही हाच कोळी सृष्टीच्या उत्पत्तीचे उदाहरण म्हणून आला आहे. या अकराव्या स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी लिहिलेली विस्तृत मराठी टीका, म्हणजे एकनाथी भागवत, १५७३ साली काशीत पूर्ण झाली. तुकोबांनी भंडारा डोंगरावरील एकांतात ज्ञानेश्वरीबरोबर याच ग्रंथाची पारायणे केली असे वारकरी परंपरा सांगते. म्हणजे कोळ्याचा दृष्टांत देहूच्या परिसरात किमान साडेतीनशे वर्षे वाचला व ऐकला जात आहे, आणि आजही पारायणाच्या सप्ताहात तो सहस्रावधी श्रोत्यांच्या कानी पडतो.

हा दृष्टांत निरीक्षण म्हणून तपासला तर तो बराचसा खरा ठरतो, आणि हे जाणीवपूर्वक सांगायला हवे, कारण अध्यात्मातील उदाहरणे केवळ कल्पनेतून आली असावीत असा समज आधुनिक वाचकाच्या मनात सहज घर करतो. चाकासारखे गोल जाळे विणणाऱ्या कोळ्यांपैकी कित्येक जाती, विशेषतः संध्याकाळी नवे जाळे घालणारे नेओस्कोना वंशातील कोळी, पहाटेपूर्वी ते जाळे गुंडाळून खरोखरच खाऊन टाकतात. जाळ्याचा तंतू प्रथिनांचा बनलेला असतो आणि तो तयार करायला शरीराची बरीच शक्ती खर्च होते, त्यामुळे जुने जाळे टाकून देणे कोळ्याला परवडत नाही. डेव्हिड पीकॉल या संशोधकाने १९७१ साली किरणोत्सारी खूण केलेल्या प्रथिनांच्या साहाय्याने असे दाखवले, की गिळलेल्या जाळ्यातील द्रव्याचा बहुतांश भाग थोड्याच वेळात नव्या तंतूत पुन्हा उतरतो. मात्र सर्वच कोळी असे करत नाहीत. कुंपणांवर आणि काटेरी झुडपांत तंबूच्या आकाराचे, चिकटपणा नसलेले जाळे बांधणारा सायर्टोफोरा सिकाट्रोसा हा कोळी आपले जाळे दिवसेंदिवस राखतो व दुरुस्त करतो. पुराणकाराने ज्या कोळ्याला पाहिले तो रात्रीचा गोल जाळेवाला असावा, असे अनुमान यावरून करता येते. परंतु दृष्टांताला जातीचे नाव, तिथी किंवा ठिकाण यांची गरज नव्हती, म्हणून ती नोंद झाली नाही.

नाव आणि ठिकाण यांची नोंद एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टॉलिच्का यांनी १८६९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय अष्टपादांवर लेख प्रसिद्ध केला. वर उल्लेखिलेल्या तंबू बांधणाऱ्या कोळ्याचे नामकरण त्याच लेखातले आहे. पश्चिम भारतात या कामाला आधार मिळाला तो १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे. जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेले अधिकारी, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि व्यापारी यांनी पकडलेले नमुने या संस्थेकडे येत, आणि त्यांतील कोळी-विंचवांचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांच्या टेबलावर पोहोचत. पोकॉक यांनी १८९९ साली सोसायटीच्या नियतकालिकात अनेक नव्या भारतीय जातींची वर्णने दिली आणि १९०० साली 'ब्रिटिश भारताची प्राणिसृष्टी' या ग्रंथमालेतील अष्टपादांचा खंड प्रसिद्ध केला, ज्यात दोनशेहून अधिक जातींच्या कोळ्यांचे वर्णन आहे. त्यांनी नाव दिलेल्या केसाळ, बिळात राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांपैकी एक प्लेसिओफ्रिक्टस मिलार्डी हा सोसायटीच्या कारभारातील प्रमुख गृहस्थ डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने आहे. लहानग्या सालिम अलींना १९०८ च्या सुमारास पक्ष्यांचा संग्रह दाखवून त्यांच्या आयुष्याला वळण देणारे मिलार्ड ते हेच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांचेही नाव अशाच एका कोळ्याला एफ. एच. ग्रेव्हली यांनी १९३५ साली दिले. या सर्व व्यवहारात नमुना इथला होता आणि निर्णय परदेशात किंवा कलकत्ता-मद्रासच्या संग्रहालयांत होत होता. मूळ नमुना, म्हणजे ज्या एका प्राण्यावरून जातीचे वर्णन पक्के होते तो नमुना, बहुधा समुद्रापार राहत असे. पुढील भारतीय अभ्यासकांना जी अडचण सोसावी लागली तिचे मूळ येथे आहे.

कलकत्त्यास १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाने १९५९ साली पुण्यात पश्चिम विभागाचे केंद्र उघडले आणि पुढे ते फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरील जागेतून काम करू लागले. या केंद्रात साठ व सत्तरच्या दशकांत काम करणारे बिनय कृष्ण टिकादर हे भारतीय कोळी-अभ्यासाचे खरे संस्थापक होत. त्यांच्या आधी भारतात राहून, भारतातील नमुन्यांवर, सलगपणे आणि आयुष्यभर कोळ्यांचाच अभ्यास करणारा दुसरा भारतीय शास्त्रज्ञ दाखवणे कठीण आहे. महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरील त्यांचा लेख १९६३ साली पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. खेकड्यासारखे आडवे चालणारे आणि फुलांवर दबा धरणारे जे कोळी थोमिसिडी कुलात मोडतात, त्यांच्यावरील त्यांचा फेरआढावा १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर 'भारताची प्राणिसृष्टी' या मालेतील कोळ्यांचे खंड १९८० व १९८२ साली आले. त्यांतील लांडगा-कोळ्यांचा, म्हणजे बहुधा जाळ्याविना जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या लायकोसिडी कुलाचा भाग त्यांनी एम. एस. मल्होत्रा यांच्यासह लिहिला. सर्वेक्षणाचे संचालकपद भूषवलेल्या टिकादरांचे भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तक १९८७ साली निघाले आणि पुढील दोन दशके विद्यार्थ्यांच्या हाती तेच एकमेव सोयीचे साधन होते. नॅफोसा पूनाएन्सिस आणि लायकोसा पूनाएन्सिस ही जातिनामे त्यांच्या पुण्यातील कामाची साक्ष देतात. त्यांनी १९६२ साली नाव दिलेला ओएकोबियस मराथाउस हा घरांच्या भिंतींवर राहणारा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा कोळी तर आज आफ्रिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतही नोंदला जातो; व्यापाराच्या मालासोबत तो जगभर पसरला आणि मराठी प्रदेशाचे नाव त्याच्याबरोबर गेले.

टिकादरांच्या कामाचे मूल्यमापन आदराने पण स्पष्टपणे करायला हवे. त्यांनी वर्णिलेल्या जातींपैकी बऱ्याच पुढील फेरतपासणीत दुसऱ्या वंशांत हलवल्या गेल्या आणि काही आधीच नाव मिळालेल्या जातींत विलीन कराव्या लागल्या. लंडन, पॅरिस, बर्लिन येथील मूळ नमुने हाताळून पाहण्याची सोय त्या काळच्या भारतीय अभ्यासकाला सहज उपलब्ध नव्हती, हे त्याचे प्रमुख कारण होय. चुका दुरुस्त करता येतात. परंतु त्यांनी पुण्याच्या केंद्रात जमा केलेला नमुनासंग्रह आणि तयार केलेली माणसे नसती, तर दुरुस्त करण्यासाठीही काही उरले नसते. हे केंद्र पुढे पिंपरी-चिंचवड नवनगरातील आकुर्डीच्या जागेत गेले आणि संग्रहही तिकडे गेला. देहूच्या डोंगरावर आज एखाद्याला अपरिचित कोळी दिसला, तर त्याची तुलना ज्या बाटल्यांतील नमुन्यांशी करावी लागेल त्या इतक्या जवळ आहेत, ही या भूभागाची विशेष सुदैवाची गोष्ट आहे आणि तिचा उपयोग फार थोड्यांनी करून घेतला आहे.

नमुन्यावरील काम कसे चालते, हे समजल्याशिवाय छायाचित्राची मर्यादा समजत नाही. पकडलेला कोळी सत्तर टक्क्यांच्या आसपास शक्तीच्या मद्यार्कात ठेवतात आणि बाटलीत ठिकाण, तारीख व पकडणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी घालतात. जात ठरवण्यासाठी रंग व नक्षी फारशी कामास येत नाही, कारण वय, आहार आणि ऋतू यांनुसार ती बदलते. निर्णायक ठरतात ते जननावयव. नराच्या तोंडाजवळ पायांसारखी दोन लहान उपांगे असतात, त्यांच्या फुगीर टोकांची रचना प्रत्येक जातीत वेगळी असते. मादीच्या उदराच्या खालच्या बाजूस कठीण जननपट्टिका असते आणि तिचा आकारही जातीगणिक बदलतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या भागांचे चित्र कॅमेरा ल्युसिडा नावाच्या साधनाने काढीत. विल्यम वोलास्टन यांनी १८०६ साली पेटंट घेतलेल्या या साधनात लोलकामुळे वस्तूची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी भासते आणि चित्रकाराला तिच्या कडेने पेन्सिल फिरवता येते. टिकादरांच्या ग्रंथांतील शेकडो आकृत्या अशा रेखाचित्रांच्या स्वरूपातील आहेत. ही चित्रे अचूकतेसाठी काढली होती आणि त्यासाठी ती मोलाची आहेत, परंतु मद्यार्कात गेलेला कोळी आपला रंग गमावतो, त्याची बसण्याची ढब गमावतो आणि त्याचे जाळे तर बाटलीत येतच नाही. वर्णनात नराची लांबी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मिळते. तो कोळी निवडुंगावर होता की बाभळीवर, दिवसा हालचाल करी की रात्री, याविषयी बहुधा एक शब्दही मिळत नाही.

हा अभाव देहू-पिंपरी पट्ट्यात विशेष जाणवतो, कारण ज्या दशकांत बाटल्या भरल्या जात होत्या त्याच दशकांत भोवतालचा प्रदेश ओळखू न येण्याइतका बदलला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती व मोटारींचे कारखाने उभे राहिले, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणची औद्योगिक वसाहत वाढत भामचंद्राच्या पायथ्याकडे सरकली आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून देहूरोडजवळच्या किवळे येथे येऊन पोहोचला. बाजरीची शेते, गवताळ माळ आणि निवडुंगाची कुंपणे यांची जागा भिंती, गोदामे व सदनिका यांनी घेतली. जुन्या चिठ्ठीवर नुसते 'पूना' असेल, तर तो नमुना यांपैकी कोणत्या अधिवासातून आला हे आज कोणालाही सांगता येत नाही, आणि तो अधिवास गेल्यामुळे तेथे पुन्हा जाऊन पडताळाही घेता येत नाही.

जिवंत कोळ्याची नोंद घेण्याचे सामर्थ्य छायाचित्रणाने दिले, पण ते सहज मिळाले नाही. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीच निघाली होती, तरी पाच-दहा मिलिमीटरच्या चपळ प्राण्याचे चित्र घेणे त्या काळच्या मंद काचपट्ट्यांना शक्य नव्हते. अडचण मुख्यतः प्रकाशाची आहे. वस्तू जितकी मोठी करून टिपावी तितका तिचा कमी भाग एका वेळी स्पष्ट दिसतो. कोळ्याचा चेहरा चौकट भरून घेतला तर डोळे स्पष्ट आणि पायांची टोके धूसर, अशी स्थिती होते. स्पष्टतेची खोली वाढवण्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे लागते, छिद्र लहान केले की प्रकाश कमी पडतो, आणि प्रकाश कमी म्हणून वेळ वाढवला की वाऱ्याने हललेल्या पानावरचा कोळी पुसट येतो. या तिढ्यातून फ्लॅशने वाट काढली. फिल्मच्या काळात कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये पोकळ नळ्या किंवा भात्यासारखी घडी बसवून, अथवा साधे भिंग उलटे लावून प्रतिमा मोठी करीत. पुढे वस्तू तिच्या प्रत्यक्ष आकाराइतकी टिपणारी मॅक्रो भिंगे मिळू लागली. तथापि छत्तीस चित्रांची एक फिल्म संपवून ती धुऊन येईपर्यंत परिणाम कळत नसे, त्यामुळे हा छंद मोजक्या लोकांपुरता राहिला. डिजिटल कॅमेऱ्याने ही प्रतीक्षा संपवली, आणि मोबाईलवर चिकटवायच्या छोट्या भिंगांनी तर खर्चही संपवला. फ्लॅशचा प्रखर प्रकाश पसरवण्यासाठी त्याच्यापुढे पांढऱ्या प्लास्टिकचा वा कागदाचा पडदा धरतात, ज्याला छायाचित्रकार डिफ्यूझर म्हणतात, आणि तो बहुतेकजण घरीच बनवतात.

निरीक्षकाच्या दृष्टीने यंत्रापेक्षा प्राण्याचा स्वभाव जाणणे अधिक महत्त्वाचे ठरते. उडी मारून शिकार करणाऱ्या साल्टिसिडी कुलातील कोळ्यांचे पुढचे दोन मोठे डोळे बारकावे पाहतात आणि बाजूचे डोळे हालचाल हेरतात. त्यामुळे भिंग हळू पुढे सरकले की हा कोळी स्वतः वळून त्याच्याकडे तोंड करतो, आणि म्हणून या कुलाची समोरून घेतलेली चित्रे सर्वाधिक आहेत. जाळ्यावरचा कोळी मात्र दृष्टीवर नव्हे, कंपनांवर जगतो. फांदीला पायाचा धक्का लागला की तो तंतूवरून खाली सुटतो. लांडगा-कोळ्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असल्याने रात्री कपाळाशी बॅटरी धरून गवतावर झोत टाकल्यास दूरवर ठिणग्यांसारखे बिंदू चमकतात. दख्खनच्या माळांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, भाद्रपद-आश्विनातील पहाटे, दवाने भिजलेली हिप्पासा कोळ्यांची गवतावर पसरलेली चादरीसारखी जाळी आणि त्यांच्या कडेची नरसाळ्यासारखी तोंडे उजळून दिसतात, आणि कोळी पाहू इच्छिणाऱ्यासाठी वर्षातील सर्वांत चांगला काळ हाच होय. याच काळात अर्जिओपे अनासुजा ही पिवळ्या-करड्या पट्ट्यांची मादी आपल्या गोल जाळ्याच्या मध्यभागी फुलीच्या आकाराची नागमोडी पांढरी नक्षी काढून पाय जोडीजोडीने त्या फुलीवर ताणून बसलेली आढळते. ही नक्षी कीटकांना आकर्षित करते, पक्ष्यांना सावध करते की जाळ्याला बळकटी देते, यावर संशोधकांत अद्याप एकमत नाही. जाळ्यासह घेतलेली दिनांकित छायाचित्रे या वादात उपयुक्त पुरावा ठरतात, आणि असा पुरावा बाटली कधीही देऊ शकली नसती.

समूहाने राहणाऱ्या स्टेगोडिफस सारासिनोरम या कोळ्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. कोरड्या प्रदेशातील काटेरी झाडांवर पाने व भक्ष्याचे अवशेष विणून केलेल्या मळकट घरट्यात हे कोळी एकत्र नांदतात, जाळ्यात सापडलेला मोठा कीटक अनेक जण मिळून ओढतात, आणि पिले मोठी होत असताना माता व अन्य माद्या त्यांना पोटातील अन्न भरवून शेवटी स्वतःच त्यांचे अन्न होतात. हा जीवनक्रम पाहायचा तर एकाच घरट्याकडे पुनःपुन्हा जावे लागते. नदीकाठी पाण्याला जवळजवळ समांतर जाळे घालणारे, लांब जबड्यांचे टेट्राग्नाथा कोळी पाण्यातून बाहेर पडणाऱ्या कीटकांवर जगतात, त्यामुळे इंद्रायणीसारख्या प्रदूषणाने पिडलेल्या नदीच्या काठावर वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी त्यांची नोंद ठेवली गेली, तर ती नदीच्या प्रकृतीचीही नोंद होईल.

छायाचित्रांचा शास्त्राला प्रत्यक्ष लाभ किती होतो, हे ऑस्ट्रेलियातील मोर-कोळ्यांच्या उदाहरणाने जगाला पटवले. युर्गन ऑट्टो यांनी टिपलेल्या या इवल्या कोळ्यांच्या प्रणयनृत्याच्या चित्रफितींमुळे त्या वंशाकडे लक्ष वेधले गेले आणि अनेक नव्या जाती उजेडात आल्या. भारतात पी. ए. सेबास्टियन आणि के. व्ही. पीटर यांचा २००९ सालचा ग्रंथ भारतीय कोळ्यांची रंगीत छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर वाचकांसमोर आणणारा ठरला. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात कोळ्यांची संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. देशातील जातींची संख्या २००५ च्या सूचीत १४४२ आणि २०१२ च्या सूचीत १६८६ अशी वाढत गेली; एप्रिल २०२२ मध्ये जगातील ज्ञात जातींचा आकडा ५०,००० वर पोहोचला. ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ साली वर्णिलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप यांनी इसियस तुकारामी हे नाव दिले. ते नाव २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अजमल कसाबला जिवंत पकडताना प्राणार्पण करणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आहे. ही जात सिद्ध करण्यासाठी नुसती सुंदर छायाचित्रे पुरली नाहीत. नमुने घ्यावे लागले, जननावयव तपासावे लागले आणि मूळ नमुना संग्रहात ठेवावा लागला. टिकादरांची पद्धत अजून मोडीत निघालेली नाही, तिच्या जोडीला कॅमेरा आला आहे, असाच याचा अर्थ होतो. त्यामुळे एखाद्या छायाचित्राखाली जातीचे पूर्ण नाव ठामपणे लिहिण्याची जी घाई हौशी मंडळींत दिसते, ती अभ्यासाला घातक आहे. कुल किंवा वंश इतकेच लिहून थांबणे हे अनेकदा अधिक शास्त्रशुद्ध असते.

छायाचित्रणाचे स्वतःचे दोषही आहेत. जाळे स्पष्ट दिसावे म्हणून त्यावर पिठूळ भुकटी उडवण्याची रीत संशोधकांनी काही काळ वापरली, पण तशा जाळ्याचा चिकटपणा निकामी होतो आणि कोळ्याला ते नव्याने घालावे लागते. चांगली पार्श्वभूमी मिळावी म्हणून कोळी उचलून फुलावर ठेवणे, त्याला शीतकपाटात गारठवून स्थिर करणे, अंडकोश वाहणाऱ्या मादीला हुसकावणे हे प्रकार तर नोंदच खोटी करतात, कारण मग चित्रातील फूल आणि कोळी यांचा निसर्गात काही संबंध नसतो. ठिकाण नेमके सांगण्याच्या नियमालाही एक अपवाद करावा लागतो. झाडांच्या ढोलीत राहणारे पोसिलोथेरिया वंशातील मोठे, देखणे कोळी परदेशी पाळीव प्राण्यांच्या बाजारात विकले जातात, म्हणून २०१९ साली या संपूर्ण वंशाचा वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. अशा कोळ्याचे चित्र नेमक्या स्थानासह सर्वांसमोर ठेवणे म्हणजे चोराला घर दाखवणे होय. ती माहिती संग्रहालयाकडे द्यावी, जाहीर करू नये.

देहू, तळेगाव, चाकण आणि पिंपरी-चिंचवड येथील ज्या विद्यार्थ्यांच्या व कामगारांच्या हाती आज कॅमेरा किंवा मोबाईल आहे, त्यांनी पुढील पावसाळ्यात भंडाऱ्याच्या वा घोरावडेश्वराच्या उतारावर कोळी दिसल्यास त्याचे वरून, समोरून आणि शक्य असल्यास उदराच्या खालच्या बाजूने असे तीन कोनांतून चित्र घ्यावे, जाळे असेल तर ते पूर्ण टिपावे, आणि तारीख, वेळ, गाव, झाडाचे वा दगडाचे वर्णन त्याच दिवशी वहीत लिहावे. मूळ चित्रफाईल न कापता, न रंगवता जपून ठेवावी आणि नागरिकांच्या नोंदी स्वीकारणाऱ्या सार्वजनिक नोंदसंग्रहात ती जमा करावी. शंका पडल्यास आकुर्डीच्या केंद्राकडे विचारणा करावी. ते केंद्र याच कामासाठी आहे.